रिकामी काथवट

“बुढ्याले फसवून दाखवतं का? हो का नाही, येवढंच सांग.”

माह्या दोस्तानं, हेमराजनं इचारलं आन मी हो म्हनलो. नाही म्हनलो असतो तं आठ दिवस त्यानं मले भित्रा म्हनून हाक मारली असती.

बुढा म्हंजे सुकाजीबाबा.

आमच्या गावची म्यांगनीजची खदान बंद पडली, कंपनी गेली. पन दगड धुऊन जो काळा गाळ तिनं तलावात सोडला होता, तो तिथंच सुकला. मैद्यावानी बारीक. लोक म्हनत, माती आहे. बाबा म्हनत, मातीत माल आहे.

लाकडाच्या काथवटीत गाळ घ्याचा, पानी टाकाचं, गोल गोल हालवाचं. हलकं वाहून जाते, जड खाली लागते. गावच्या बायांचा गट बाबांपाशी हेच शिकला. दोन महिन्यांपासून मीही शिकत होतो.

मले तं सारंच येते, असं मले वाटे.

यंदा गटाले तलावाचा एकच कोपरा खोदाले भेटनार होता. कोन्ता, ते बाबा धुऊन सांगनार. चार कोपरे, चार टोपले; एकेका बाईनं एकेक भरून आनलेलं. गटातली पारबतामामी पानी प्याले गेली तवा मी तिच्या टोपल्यात मूठभर चांगल्या दगडाचा भुगा टाकला. दुसऱ्या खदानीच्या टरकातून पडलेला दगड, आईच्या खलबत्त्यात कुटलेला.

बाबा म्हनतीन, लई माल आहे. मंग आमी हासू. येवढंच होतं.

तीन टोपले धुऊन झाले. चौथं धुतलं, तं काथवटीच्या बुडाले काळा जाड पट्टा लागला.

“अगं माय,” कौसाबाई म्हनली. गटाची मुख्य तीच. “बाबाजी, हाच कोपरा.”

बाबांनी चिमूटभर काळं घेतलं, बोटांत चोळलं. मंग माह्या तळहातावर ठेवलं.

“चोळ.”

चोळलं.

“काय?”

“माल आहे, बाबा.”

“टोचते का?”

“...थोडंसं.”

“तीस वर्स गाळात पडलेला दाना टोचत नाही.” बाबांनी हात झटकला. “हा कालपरवा कुटला आहे.”



मंग सगळ्याईचे डोळे हळूहळू चौथ्या टोपल्याकडं फिरले.

“टोपलं कोनाचं?”

“पारबताचं.”

“तिचं घर त्याच कोपऱ्याले लागून आहे ना...”

“म्हनूनच.”

“म्या फक्त भरून आनलं,” पारबतामामी म्हनली. “बाबाजी, तुमीच सांगा. म्या काऊन असं करीन?”

“जवळ काम पडते, म्हनून करशीन,” कौसाबाई म्हनली. “खोट करनारीले गटात जागा नाही, हे तुले ठाऊक आहे. उद्यापासून येऊ नको.”

मामीनं बाबांकडं पाह्यलं. बाबा काथवट धूत होते. सारं काळं सांडून टाकलं, बूड हातानं पुसलं, लाकूड पांढरं दिसाले लागलं.

“पानी टाक,” मले म्हनले.

टाकलं. साफ पानी.

बाबा काथवट हालवाले लागले. गोल गोल.

हेमराज पह्यले उठला. म्हने, बकऱ्या सोडाच्या आहेत. त्याच्या घरी बकरी नाही.

मंग दोन बाया उठल्या. मंग कौसाबाई. जाता जाता तिनं पारबतामामीचं टोपलं पायानं बाजूले सारलं.

बाबा हालवतच होते.

“बाबा,” मी म्हनलो, “ह्याच्यात तं काहीच नाही.”

“आहे.”

“साफ पानी आहे, बाबा.”

“पानी टाक.”

टाकलं. काथवटीच्या काठावरून जरासं पानी सांडलं. बाबांनी माह्याकडं पाह्यलंच नाही. पाह्यलं असतं तं बरं झालं असतं... मी काही तरी थाप मारली असती. थाप माराले मले कधीच येळ लागत नाही.

पारबतामामीनं टोपलं उचललं. त्यातला राह्यलेला गाळ झाडला, टोपलं डोक्यावर उलटं ठेवलं आन पांदनीच्या वाटेनं निंघाली. रडत नोती. रडली असती तं तेही बरं झालं असतं.

“तुले जाचं नाही का रे?” बाबांनी इचारलं.

“जातो ना.”

पन उठलो नाही.

काथवट फिरत होती. गोल गोल. आता मामी बाभळीपाशी पोचली होती. तिथून वळली का दिसत नाही.

“मामी,” मी आरडलो. “थांब ना व मामी.”

ती थांबली. कौसाबाईही पलीकडं थांबली.

“ते मी टाकलं. तुह्या टोपल्यात. आईच्या खलबत्त्यात कुटून. कौसाबाई, मामीचा काही दोष नाही, मीच टाकलं.”

काथवट थांबली.

बाबांनी वाकून पाह्यलं. काथवटीत नाही, माह्याकडं.

“हं...” बाबा म्हनले. “लागलं खाली.”