सरबताची जकात

एका राज्यात पाण्याला मोल होतं आणि सरबत फुकट होतं. हे उलटं कसं झालं, ते ऐका.

कुठूनसा एक चेटक्या आला. त्यानं राजवाड्याच्या दारात सोन्याचा रांजण मांडला. कितीही उपसा, आतलं लाल, गोड सरबत आटत नसे. चेटक्या म्हणाला, "महाराज, हे प्रजेला फुकट द्या. विहिरींवर जकात बसवा, तुमची तिजोरी भरेल." राजाच्या ते पथ्यावरच पडलं.

पाहुण्याला गूळपाणी द्यायची जुनी रीत मोडली, सरबत आलं. नको म्हणावं तर यजमानाचा अपमान. म्हणून सगळे प्याले, दारोदार प्याले. दात किडले, डोळ्यांपुढं धुकं आलं, पायाच्या जखमा भरेनात. माणूस चाले, तिथं मागून मुंग्यांची रांग चाले.

सगुणा राजवाड्यात पाणी भरायची. तीस वर्षं घागरी वाहून मान आखडलेली. तिच्या घरधन्याच्या अंगठ्याला ठेच लागली, ती सहा महिने भरली नाही. वैद्य म्हणाला, "पुनवेला पाय कापावा लागेल."

ती विहिरीवर जाऊन बसली. रडायलाही जीव उरला नव्हता. कठड्यावरची टिटवी म्हणाली, "सगुणे, हे सरबत म्हणजे चेटक्याचा शाप आहे. तो तुटेल. तीन कामं आहेत."

"तीनच? माझी उजाडायच्या आत तेरा होतात. बोल."

"तुझ्या दारी पाहुण्याला पाणीच दे. राजाकडून जकात उलटी करून आण. मग रांजणापाशी तूच बस आणि येईल त्याचं नाव घेऊन जकात माग. एकालाही सोडलंस, तर शाप कायमचा."

दुसऱ्याच दिवशी नणंद आली. तांब्या बघून तिनं तोंड वाकडं केलं. "वहिनी, पाणी? माहेरी माझी एवढीच किंमत?"

"किंमत आहे म्हणून पाणी, वन्सं. नसती तर सरबत दिलं असतं."

नणंद पाय आपटत गेली. गावभर बोभाटा झाला. पहिलं काम झालं.

राजाच्या पायालाही पट्टी होती. सगुणा म्हणाली, "महाराज, पाणी सोडा, सरबतावर जकात बसवा."

"प्रजा चिडेल."

"चिडू द्या. पाय आपटायला आधी पाय तर हवेत."

"आणि माझी तिजोरी?"

"मुंग्या तिथंच शिरतायत. उघडा."

राजानं तिजोरी उघडली. मोहरांची खडीसाखर झाली होती. त्यानं तिथल्या तिथं हुकमावर शिक्का मारला. दुसरं काम झालं.

सगुणा रांजणापाशी बसली. एका पेल्याला एक चांदीचं नाणं. त्यातून गरिबाला औषध. शेजारी पाण्याचा माठ, फुकट. लोक शिव्या देत. एक म्हणाला, "गरिबाच्या तोंडचं गोड काढलंस!"

"काढलं. आणि पाय कुणाचे कापले जातात, तेही बघून ये."

पुनवेच्या दिवशी तिचा धनी लंगडत आला. चेटक्या रांजणाला टेकून हसला. लग्नातल्या उखाण्यानंतर सगुणानं धन्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. त्या राज्यात ते पाप होतं.

"अगं, मला कसली जकात? आज पाय जायचाय. एक घोट दे."

कंटाळली होती ती. एक पेला भरून देणं किती सोपं होतं! तिनं पदर खोचला.

"सुभानजी, जकात टाका. नाहीतर पाणी प्या."

जमलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. तो तिच्याकडे बघतच राहिला. "नाव घेतलंस?"

"घेतलं. आता प्या."

त्याच्याजवळ नाणं नव्हतं. तो पाणी प्याला.

रांजण उभा तडकला. चेटक्या जागीच विरघळला, मुंग्यांनी त्याचा कण ठेवला नाही. मग माणसांमागच्या रांगा वळल्या आणि वारुळात गेल्या. सुभानजीचा अंगठा गेला, पाय राहिला. विहिरी मोकळ्या झाल्या, दारोदारी गूळपाणी परतलं.

सगुणा मात्र तिथंच भिंतीला टेकून बसली. सुभानजीनं तांब्या भरला, तिच्या हातात दिला. तीस वर्षं तिनं राज्याला पाणी पाजलं होतं. तिला कुणी भरून द्यायची ही पहिलीच वेळ.

तिची तहान भागली, तिथं कहाणी निवली.