रिकाम्या पेराची नळी

लाओसमध्ये मेकाँगच्या काठी बान पाकहिन नावाचं गाव आहे. तिथला खाव लाम, म्हणजे बांबूच्या नळीत भाजलेला चिकट तांदळाचा गोड भात, पाहुण्याने सोलला की त्याचं तोंड उतरतं. नळी दोन पेरांची, भात मात्र वरच्या एकाच पेरात. आपल्याला चुना लावला असं त्याच्या मनात येतंच. मग म्हातारे सोमदीकाका हसतात, त्याला काठावर बसवतात आणि चंपीची हकिगत सांगतात.

फार पूर्वी एका पावसाळ्यात नदी इतकी चढली, असं सांगतात, की लावलेली रोपं जागच्या जागी कुजली. चंपीचा नवरा खामसिंग बेटावर अडकलेली म्हैस सोडवायला होडीतून गेला तो परतलाच नाही. तिसऱ्या दिवशी कोळ्यांनी सांगितलं, खालच्या वळणावर, पाण्यातल्या खडकावर कुणीतरी आहे. हात हलवतंय. पण त्या ओढीत होडी घालायची कुणाची छाती होईना.

चंपीच्या जिवाला घोर लागला. खडकावर माणूस खाणार काय? घरात फक्त बियाणं उरलं होतं. तिने त्यातलं ओंजळभर भात कांडलं, तांदूळ भिजत घातले, नारळाचं दूध घालून नळीत भरले आणि विस्तवावर भाजले. नळीचं तोंड मेणाने बुजवून ती पाण्यात सोडली, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत बुडाली. दुसऱ्या दिवशी तिने दोन पेरांची नळी घेऊन खालचं पेर रिकामं ठेवलं. ती नळी तरंगत गेली.

आई म्हणाली, "बियाणं कांडलंस तर पाणी ओसरल्यावर पेरायचं काय? आणि तो खामसिंगच आहे, हे तरी कशावरून?"

"तोच आहे, मे," चंपी म्हणाली. मे म्हणजे आई. तीच शंका तिलाही पोखरत होती, तरी तिने पुढचे तांदूळ भिजत घातले.

रोज एक नळी जाई. ती वळणाआड होईपर्यंत चंपी काठावर उभी राही. खडकाला लागली असेल, की गेली तशीच पुढे? नऊ दिवसांत बियाण्याच्या टोपलीचा तळ दिसला. दहाव्या दिवशी पाणी उतरलं, कोळ्यांनी होडी घातली, आणि चंपी काठावर गुडघाभर चिखलात उभी राहिली.

होडीतून एक बाई उतरली. वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावातून वाहत आलेली, हाडांचा नुसता सापळा.

"मला कळत होतं, ताई, हे कुणा दुसऱ्यासाठी आहे," ती म्हणाली. "तरी खाल्लं. तिथं आणखी कुणीच नव्हतं."

चंपीला तिचा राग आला, म्हणे. भयंकर राग आला. नवरा गेला, बियाणं गेलं, आणि समोर ही परकी बाई जिवंत उभी. मग दारात आलेल्या कुणालाही तिकडे जे विचारतात, तेच तिने विचारलं, "आज जेवलीस का?"

आजही पाऊस सरताना बान पाकहिनच्या प्रत्येक घरातून अशी एक नळी नदीत सोडतात. सोडताना कुणाचंही नाव घेत नाहीत.