गुणगुणणारं दप्तर

एक होता राजा. त्याला एकच लेक. तिचं नाव मंजुळा. राजा म्हणायचा, माझी लेक काही आभाळातून पडलेली नाही, ती गावाच्या पोरांबरोबरच शिकेल. म्हणून मंजुळा रोज राजवाड्यातून निघायची आणि गावाच्या शाळेत जायची. शाळा म्हणजे काय, एक मोठं चिंचेचं झाड आणि त्याच्याखाली सारवलेली जमीन.

आता या मंजुळेचा एक थाट होता, बरं का. दर पुनवेला तिला नवं दप्तर. चंद्र पुरा झाला की जुनं दप्तर गेलं माळ्यावर आणि नवं आलं पाठीवर. कधी लाल, कधी हिरवं, कधी मोरपंखी. पोरं नुसती बघत राहायची. आणि मंजुळा कुणाकडे बघायची? तानीकडे.

तानी कुंभाराची पोर. तिचं दप्तर तिच्या आईनं जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं. एवढीशी होती तानी, शाळेत पहिल्यांदा आली तेव्हापासून तेच. रंग उडालेला, कोपरे झिजलेले. पण ते दप्तर गुणगुणायचं! तानी चालू लागली की तिच्या पाठीवर ते हळूच सूर धरायचं, पहाटे जात्यावर कुणीतरी ओवी म्हणावी तसं. तानी पाटी विसरली की ते गप्प व्हायचं. मग तानी म्हणायची, "अगं बाई, राहिलं की काहीतरी!" आणि घराकडे पळत सुटायची.

मंजुळेला हे बघवायचं नाही. घास गोड लागायचा नाही. तिला वाटायचं, मी राजाची लेक, माझ्या पाठीवर मखमल, आणि ही माझी मखमल मुकी! त्या चिंध्यांना मात्र गळा!

मग तिनं काय केलं? राजाच्या शिंप्याला बोलावलं. म्हणाली, "काका, मला गाणारं दप्तर पाहिजे."

शिंपी बिचारा काय करणार? त्यानं दप्तराला चांदीचे घुंगरू लावले. मंजुळा ऐटीत निघाली, छुम छुम छुम. पण शाळेत दप्तर ठेवलं आणि एक मांजर त्याला अंग घासून गेली. छुम छुम छुम. पोरं खदखदा हसली. एकजण म्हणाला, "राजकन्येचं दप्तर मांजरीसाठीही गातं!" मंजुळेचे कान लाल झाले. पुनवेची वाटसुद्धा पाहिली नाही तिनं. घुंगरू गेले माळ्यावर.

मग तिला वाटलं, तानीचं बघून हुबेहूब करावं. म्हणून ती तानीकडे टक लावून बघू लागली. जाताना बघायची, येताना बघायची. हेवा करणाऱ्याचे डोळे फार तीक्ष्ण असतात, बाळांनो. प्रेम करणाराही इतकं बघत नाही. कुणाला दिसलं नाही ते तिला दिसलं. तानी रोज सकाळी कुंपणापाशी थांबायची, एरंडाचं एक पान तोडायची आणि दप्तराच्या बंदाखाली, खांद्यावर, हळूच सरकवायची.

"हां! ही आहे तर युक्ती," मंजुळा मनात म्हणाली. "पानामुळं गातं ते."

मग शिंप्यानं दुसरं दप्तर शिवलं. जुन्या लुगड्यांचे तुकडे. दगडावर घासून झिजवलेले कोपरे. मंजुळेनं बंदाखाली एरंडाचं पान घातलं आणि चालून पाहिलं. एक पान घातलं, दोन घातली, मूठभर घातली. दप्तर मुकं ते मुकंच.

आता मात्र तिच्या पोटातल्या हेव्याचा विंचू झाला. नांगी मारू लागला. दुपारच्या सुट्टीत पोरं ओढ्यावर पाणी प्यायला गेली, तशी मंजुळा मागं राहिली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तानीचं दप्तर उचललं आणि आपल्या पाठीवर घातलं. झाडाला एक फेरी मारली.

गाणं नाही. मग अगदी बारीक आवाजात ते दप्तर रडायला लागलं.

"रडू नको ना," मंजुळा घाबरून म्हणाली. "मी तुला तूप-साखर देईन. मखमलीवर ठेवीन."

"मी तुझ्यासाठी रडत नाही गं," दप्तर म्हणालं. "तानीसाठी रडतंय. तानी वाढली. मी आहे तेवढंच आहे. माझे बंद तिच्या खांद्याला चावतात. मी गातं, तेवढं तिचं दुखणं लपतं. ती मला सोडत नाही, आणि मला तिला सांगवत नाही. तू रोज माझ्याकडं बघतेस ना? मग तू सांग."

मंजुळेनं ते दप्तर हळूच खाली ठेवलं. आता बघा कशी गंमत झाली. तानीचं दप्तर जावं, हेच तर तिला पाहिजे होतं. पण आता जाणार म्हटल्यावर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

तानी ओढ्यावरून आली. मंजुळा म्हणाली, "तानी, हे दप्तर बदल."

"का?" तानी फणकारली. "तुझं गात नाही म्हणून? हेवा वाटतो तुला. सगळ्या शाळेला ठाऊक आहे!"

"हो, वाटतो," मंजुळा म्हणाली. "लई वाटतो. पण तुझा खांदा दाखव."

 तानीनं पदर बाजूला केला. एरंडाचं पान खाली पडलं. खांद्यावर लालभडक वळ, आणि वळावर कातडं सोललेलं. मंजुळेनं आपल्या पाणी प्यायच्या चंबूतलं गार पाणी त्यावर घातलं. दोघी मिळून रडल्या. मग दोघी मिळून कुंभारवाड्यात गेल्या.

तानीच्या आईनं खांदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं येडे, मला सांगायचं नाही का?"

मग ती बसली सुईदोरा घेऊन. जुनं दप्तर उसवलं, त्याचे धड तुकडे नव्या कापडात घेतले आणि चांगलं मोठं, रुंद बंदांचं दप्तर शिवलं. तानीनं ते पाठीवर घेतलं. अगदी शांत. तानीचा चेहरा पडला.

आई म्हणाली, "दप्तर मुकंच जन्मतं, बाई. पोरीबरोबर ऊन खावं, धूळ खावी, तिची पाठ ओळखावी, मग कुठं त्याला गळा फुटतो. लगेच कसं गाईल?"

हे ऐकून मंजुळा एकदम उठली. तिला आठवला माळा. दर पुनवेला टाकलेली ती सगळी दप्तरं. एकाला तरी तिनं आपली पाठ ओळखू दिली होती का?

मग पुनव आली. दासी नवं दप्तर तबकात घेऊन आली. मंजुळा म्हणाली, "नको." पुढची पुनव आली. "नको." त्याच्या पुढची आली. "नको गं बाई, माझं चांगलं आहे!"

आणि एक दिवस दोघी शाळेतून येत होत्या. तानी एकाएकी थांबली. म्हणाली, "ऐक!"

मंजुळेच्या पाठीवर काहीतरी गुणगुणत होतं. अगदी हळू, नुकतं बोलायला लागलेल्या बाळासारखं. मंजुळेनं श्वास रोखला.

तानी म्हणाली, "माझ्याआधी तुझं!" आता पोटात दुखायची पाळी तानीची. पण थोडंच दुखलं, बरं का. घरी पोचेपर्यंत तिचंही लागलं गायला.

मग राजानं दवंडी पिटवली. दप्तर कधी बदलावं? बंद चावू लागला, तळातून पेन्सिल गळू लागली, पोराची पाठ मोठी झाली, की बदलावं. शेजारणीचं नवं आलं म्हणून बदलू नये. आणि माळ्यावरची सगळी दप्तरं ज्यांना नव्हती त्या पोरांना मिळाली. त्यातली बरीच पुढं गाऊ लागली. घुंगराचं तेवढं मांजरीनं ठेवून घेतलं.

मंजुळा सुखी झाली, तानी सुखी झाली, खांदा बरा झाला.

आता तुमचीही दप्तरं खुंटीवर लटकून दमलीत. डोळे मिटा, कूस बदला, आणि अगदी गप्प पडा. गोंगाट असला की ती गात नाहीत.