खड्ड्यातली बिनतोंडाची बाई

निंबदऱ्याच्या चावडीची ही भिंत बघा. पांढऱ्या मातीवर गेरूनं काढलेला खड्डा, भोवती पागोटेवाले बाप्ये, आणि खड्ड्यात उभी बाई. तिला तोंड नाही. रेघाही सगळ्या थरथरलेल्या. पावसानं चित्र पुसलं की घटस्थापनेआधी बाया ते पुन्हा काढतात, अन् रेघ मुद्दाम तशीच हलती ठेवतात. त्याची हकीकत अशी सांगतात.

फार मागं पाण्याचे हाल झाले, म्हणून पाटलानं बारव खोदायला घेतली. खाली नुसता कातळ, पाण्याचा टिपूस नाही. बारव माणूस मागते, असं कोणीतरी बोललं, आणि ते चावडीवर मुरत गेलं.

चावडीवर तेव्हा बाईनं पाऊल टाकायचं नाही. सणाआधी भिंत सारवून चित्रं काढायची, तेवढ्यापुरतंच. भिवरा नावाची एक सून मागल्या अंगाला सारवत होती, तेव्हा आतलं बोलणं तिच्या कानी आलं.

"माहेर नसलेली सून बघा. मागनं विचारायला कोणी यायचं नाही."

मातीचा हात भिंतीलाच चिकटून राहिला म्हणे. माहेर नसलेली म्हणजे ठकू, तिची धाकटी जाऊ. नुकती नांदायला आलेली, झोपेत अजून मेलेल्या आईला हाका मारणारी. सांगावं कोणाला? भिवराचा नवरा आतच बसलेला. पोरीला घेऊन पळावं, तर जायचं कुठं?

ठकू शेजारीच माती कालवत होती. "अक्का, हात का कापतोय गं?"

"माती गार आहे," भिवरा म्हणाली. "तू गेरू दे."

दर्शनी भिंतीवर चंद्रसूर्य काढायचे, तिथं तिनं खड्डा काढला. हात असा थरथरत होता की एक रेघ सरळ येईना. पण पाटलाचं तिरकं पागोटं, गुरवाची काठी, नवऱ्याचा वाकलेला खांदा, सगळं ओळखू येत होतं.

बाप्ये बाहेर आले. भिंत बघून पाटील गरजला, "खड्ड्यातली ही कोण?"

पदर नाकापर्यंत ओढून भिवरानं गेरूची वाटी पुढं केली. "तुम्हालाच ठाऊक, पाटीलबाबा. तोंड तेवढं राहिलंय. तुमच्या हातानं काढा."

पाटलानं वाटीतली काडी उचलली. नवरा भिवराच्या अंगावर धावला. तेवढ्यात समोरच्या पारावरून पाटलाची म्हातारी आई उठली.

"थांब रे. पटकीच्या साथीत माझंही माहेर बुडालं. मलाही मागनं विचारणारं कोणी नाही. माझं तोंड काढ."

"आये, तू गप बस."

"गप बसायला खड्डा आहेच की. काढ."

पाणवठ्यावरून येणाऱ्या बायांनी घागरी खाली ठेवल्या, अन् माझंही तोंड काढा म्हणत एकेक जण भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाटलाला कोणाचंच तोंड काढता येईना. काडी गळून पडली. त्या दिवशी बाया पहिल्यांदा चावडीवर बसल्या. ठकूही बसली, भिवराचा पदर मुठीत घट्ट धरून. पाणी लांबच्या ओहोळावरूनच आणायचं ठरलं, पण बाप्यांनीही खांद्यावर घागरी घ्यायच्या.

बारवेला पाणी लागलंच नाही. ती बघा, कोरडी पडलीय. आजही कोणी पाहुणा विचारतो, ही कोण? मग बाया त्याला खाली बसवतात, त्याच्या घरात कोणत्या बाईला न विचारता काय ठरलं ते बोलायला लावतात, अन् शेवटी गेरूची वाटी पुढं करतात.

आजवर तोंड कोणी काढलेलं नाही. तुम्ही विचारलंत ना? बसा. ही घ्या वाटी.