खाटेखालचा सोन्या

"पण चुकलं कुठं माझं, तेवढं तरी सांगाल की नाही, बाबा?"

घोलप मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर नुसती पाठ होती, रोशनशा फकिराची.

माळावरच्या त्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, रीतच तशी. फकीर भिंतीकडं तोंड करून गोधडी शिवत बसायचा आणि आलेल्यानं त्याच्या पाठीशी बोलायचं. त्याच्या गुरूचंही तसंच होतं म्हणे. मास्तरांना ही रीत मुळीच पटली नव्हती. एकतीस वर्षं शाळेत कवायत घेतलेला माणूस, तो पाठीशी कसला बोलतोय! पण सगळीकडं हात टेकले की माणूस कुठंही जातो. मास्तर उंबऱ्यालगत बसले होते, चपला हाताशी ठेवून.

"कुत्रं आणून किती दिवस झाले?" फकिरानं विचारलं.

"चाळीस. चाळीस दिवस खाटेखाली आहे. मी खोकलो तरी जागीच मुततं. मी घराबाहेर पडल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नाही. परवा खाली हात घातला, तर..." मास्तरांनी मनगटाची पट्टी पुढं केली. पाठीला ती काय दिसणार, कपाळ! "तीन टाके पडले."

सुई चालूच राहिली.

"उद्या दहाला प्राण्यांच्या आश्रमाची गाडी येतेय न्यायला. मीच बोलावली. दोन घरांनी आधीच परत धाडलंय त्याला. आता तिसऱ्यांदा आलं तर कोणी घेणार नाही म्हणाले. मरेपर्यंत पिंजरा..."

"तुम्ही काय काय केलंत?"

मास्तर जरा ताठ झाले. "काय नाही केलं? गादी दिली, दूध दिलं, अंडी दिली. एकदा हात उगारला नाही, शपथेवर सांगतो. रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पालथा पडतो, बॅटरी मारतो आणि तासभर त्याच्या डोळ्यांत बघत राहतो. 'सोन्या, माझ्याकडं बघ. बघ इकडं.' शाळेतली बिथरलेली पोरं मी अशीच सरळ केली, बाबा. नजरेला नजर भिडवली की पोरगं बोलतं होतंच. हे मात्र नुसतं थरथरतं."

"हं... घरात कोण असतं?"

"कोणी नाही."

फकिरानं गोधडीची दुसरी कड पुढं ओढली.

"इंदू, माझी बायको, जाऊन अकरा वर्षं झाली," मास्तर एकदम म्हणाले. हे का सांगितलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "शेवटचा महिना ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मी म्हणायचो, माझ्याकडं बघ ना गं. नाही बघितलं तिनं. का, ते मला अजून कळलं नाही..."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता चपला उंबऱ्यालाच राहिल्या आणि मास्तर सरकत सरकत खोलीच्या मध्यावर आले. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"मला जीव लावताच येत नाही, बाबा. माणसाला नाही, जनावराला नाही. माझ्या घरात जो येतो तो तोंड फिरवतो."

सुई थांबली.

फकीर गर्रकन वळला आणि त्यानं मास्तरांच्या ओल्या डोळ्यांत थेट रोखून पाहिलं. पापणी लवली नाही.

"बोला मास्तर. माझ्याकडं बघा. बघा इकडं."

 मास्तरांनी बाहीत तोंड लपवलं आणि बसल्या बसल्याच मागं सरकले. पार उंबऱ्यापर्यंत. एक हात आपसूक चपलांवर गेला.

फकीर पुन्हा भिंतीकडं वळला. दोरा ओवू लागला.

...

बाहेर कुणाच्या तरी शेळ्या माळावरून गेल्या. मास्तर मनगटाच्या पट्टीकडं बघत बसले.  मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"घोलप बोलतोय. उद्या गाडी पाठवू नका." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही हो," मास्तर म्हणाले, "काही सुधारलेलं नाही. आहे तसंच आहे."

फोन ठेवला, पण हलकं काही वाटलं नाही. 

"मी आता सत्तरीचा, बाबा. ते कधी बाहेर आलंच नाही तर? मी मरेपर्यंत खाटेखालीच राहिलं तर...?"

फकिरानं सुई खाली ठेवली. वळला मात्र नाही.

"रडून घ्या, मास्तर," तो म्हणाला. "मी बघत नाही."