खंडेनवमीची बैठक

एकदा एका कादंबरीकाराने कादंबरी पूर्ण व्हावी म्हणून चपला सोडल्या. घटस्थापनेच्या दिवशी त्याने देवीपुढे हात जोडले, नऊ दिवस अनवाणी राहण्याचा आणि गोडधोड न खाण्याचा नेम केला आणि मनातल्या मनात म्हणाला, ‘आता तूच काय ते बघ.’ लोक नोकरीसाठी नेम करतात, लग्नासाठी करतात, मूलबाळ व्हावे म्हणून करतात. अडलेल्या प्रकरणासाठी नेम करणारा बहुधा हा पहिलाच.

त्याचे नाव जयवंत. बार्शीच्या एका महाविद्यालयात तो मराठी शिकवत असे. त्याच्या कादंबरीची नायिका गावोगाव जाऊन बाळंतपणे करणारी एक नर्स होती, आणि ती दुसरीतिसरी कोणी नसून त्याची आईच होती. हौसाबाई सिस्टर म्हणून तिला सारी पंचक्रोशी ओळखत असे. आता ती एकोणऐंशी वर्षांची झाली होती आणि काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. कादंबरी पूर्ण झाली की मी तुला पहिल्या पानापासून वाचून दाखवीन, असे जयवंताने तिला वचन दिले होते. ती रोज संध्याकाळी विचारत असे, “झाली का रे?” गेल्या उन्हाळ्यापासून ती बोलणाऱ्याकडे उजवा कान वळवून ऐकू लागली. ही गोष्ट जयवंताच्या ध्यानात आली. डोळे गेले तेव्हा कादंबरी अर्धी होती. कान जाईपर्यंतही ती अर्धीच राहिली, तर वाचून कोणाला दाखवायची?

दोन वर्षे तो चौदाव्या प्रकरणापाशी अडून बसला होता. त्या प्रकरणात, आईच्या बाबतीत खरेच घडले होते तसे, मळ्यातली एक कोवळी बाळंतीण नर्सबाईंच्या हातावर दगावते. नर्सबाई भर दुपारी घरी परततात. मग त्या काय करतात? एका खर्ड्यात त्या देवघरापुढे कोसळत होत्या, एकात आभाळाकडे पाहत उभ्या राहत होत्या, एकात तर त्यांनी औषधांची बॅग नदीत भिरकावून दिली होती. असे नऊ खर्डे झाले. प्रत्येक खर्डा लिहिताना जयवंताचे डोळे भरून येत आणि दुसऱ्या दिवशी तोच वाचताना त्याला लाज वाटे. हळूहळू त्याने बसणेच सोडले. आज पाहुणे आहेत, आज पेपर तपासायचे आहेत, आज मनच लागत नाही. न बसण्याला कारणे कधी कमी पडत नाहीत.

शेवटी अष्टमीच्या संध्याकाळी तो भीमेकाठच्या एका गावी आबांकडे जाऊन थडकला. आबा म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे वृद्ध कादंबरीकार. जयवंताच्या पहिल्या कथा त्यांनी वाचून, खोडून, पुन्हा लिहायला लावून घडवल्या होत्या. तो त्यांना गुरू मानत असे आणि ते त्याला अजूनही विद्यार्थी मानत. आबा ओसरीवर सीताफळ फोडून बसले होते. जयवंत पाया पडला तेव्हा त्यांचे लक्ष त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडे गेले.

“चपला कुठं विसरलास?”

जयवंताने नेमाची हकीकत सांगितली. आबांनी सीताफळाची बी बोटांत धरून बाजूला टाकली. “म्हणजे कादंबरी पायांनी लिहायला घेतलीस तर,” ते म्हणाले. “बरं, हे घे. आमच्या मागच्या आवारातलं आहे.”

“गोड चालत नाही, आबा.”

“हे देवीनं सांगितलं की तू तिला सांगितलंस?” एवढे बोलून आबांनी उरलेले अर्धे फळही स्वतःच संपवले. शरद ऋतूचा त्यांना भारी लोभ. पाऊस सरून आभाळ धुतल्यासारखे निघाले, नदीचे पाणी निवळले, काठाला पांढरे तुरे डोलू लागले की म्हातारा लहान मुलासारखा रोज बाहेर पळे. शेंगा उकडलेल्या हव्यात, शेवंतीच्या वाफ्यापाशी घटकाभर उभे राहिले पाहिजे, चतुर उडताना पाहिले पाहिजेत. जयवंताला त्यांचे हे नेहमीच नवल वाटे. एवढी चैन करणाऱ्या माणसाने बावीस कादंबऱ्या कधी लिहिल्या असतील?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आबांच्या घरची रीत अशी, की नवमीला भल्या पहाटे घरातली सारी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाटावर कोयता आला, विळी आली, सुनेच्या शिलाई मशीनची कात्री आली. आबांनी आपले शाईचे पेन धुऊन, कोरडे करून त्यांच्या शेजारी ठेवले. जयवंतानेही खिशातले पेन काढून ठेवले. ते ठेवताना त्याला किती हलके वाटले म्हणून सांगावे! आज न लिहिण्याला साक्षात शास्त्राचा आधार मिळाला होता. तो निवांत चहा घेत बसला.

साडेसहा वाजले. आबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि खिडकीपाशी टेबलाला खुर्ची ओढून बसले. जयवंताला वाटले, काहीतरी वाचत असतील. थोड्या वेळाने त्याने डोकावून पाहिले. पुस्तक नव्हते. टेबलावर कोरा कागद होता, हात रिकामे होते आणि म्हातारा कागदाकडे पाहत स्वस्थ बसला होता. सात वाजले, आठ वाजले. मध्येच एकदा आबांचे ओठ हलले, एकदा त्यांनी नकारार्थी मान हलवली, एकदा ते किंचित हसले. जयवंताच्या मनात नको ती शंका आली. वय झाले आहे. पेन पाटावर आहे हे तर विसरले नसतील? त्याने सुनेला हळूच विचारले. रत्नप्रभावहिनी पुरण वाटत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, दर नवमीला असंच असतं. साडेनऊपर्यंत हाक मारू नका, नाही तर आरतीच्या आधीच तुमची आरती होईल.”

बरोबर साडेनऊला आबा बाहेर आले, टोपी घातली आणि म्हणाले, “चल, रानात जाऊ. शेंगा खायच्यात.”

रान सोजराबाईंचे होते, आबांच्या घरामागेच. साठीची, विधवा, एकटीने चार एकर कसणारी बाई. नवऱ्यामागे तिने दोन पोरी उजवल्या होत्या आणि या वर्षी शाळू ज्वारीची पेरणी पावसाने लांबवल्यामुळे ती काळजीत होती. ती काळ्या रानात वाकून उभी होती. तिने मूठभर माती उचलली, तिचा लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडला. लाडू न फुटता थपकन चपटा झाला.

“काय म्हणतंय रान?” आबांनी विचारले.

“अजून लई वलं हाय. लाडू फुटला म्हंजी वाफसा आला, मग पेरायचं. आठ दिस झालं, रोज बगती.”

जयवंत म्हणाला, “पण आज तर तुमची तिफणही पूजेला असेल. आज वाफसा आला असता तरी पेरता आलं नसतं. मग आज कशाला आलात?”

सोजराबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याला आपण पास झालेल्या सगळ्या परीक्षा आठवल्या. “सायेब, तिफण पाटावं बसलीय, मी न्हाई,” ती म्हणाली. “आन् मी घरी बसल्यावर रान काय सांगावा धाडनार हाय व्हय, ये म्हनून?”

तिने बांधावरच्या पातेल्यातून दोघांच्या हातांवर गरम शेंगा ओतल्या आणि ती दुसऱ्या तुकड्याकडे माती बघायला गेली. आबा शेंग फोडत बांधावर टेकले. जयवंत उभाच राहिला.

“आबा, तीन तास तुम्ही रिकाम्या हातांनी काय करत होता?”

“बसलो होतो,” आबा म्हणाले. “जयवंता, लेखणी हे साधन आहे. तिला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा, तिची पूजा करावी, हे योग्यच आहे. पण मी बसतो ते लेखणीच्या भरवशावर नाही. जी माणसं मी लिहायला घेतली आहेत ती रोज सकाळी तिथं येतात. मी नसलो तर ती परत जातात आणि दुसऱ्या दिवशी यायला कचरतात. कोणत्या दिवशी ती बोलतील, हे मला ठाऊक नसतं. या बाईला तरी कुठं ठाऊक आहे वाफसा कधी ते? नेम करायचाच तर यायचा करावा. तू चपला सोडल्यास, गोड सोडलंस. अरे, सोडायला सांगितलं कुणी? तू धरायचं होतंस. आणि एकदा धरलंस, की साडेनऊनंतरच्या शेंगा पापी वाटत नाहीत. खा.”

जयवंताच्या हातातल्या शेंगा निवत चालल्या होत्या. त्याला राग आला होता आणि तो आबांवर नव्हता. दोन वर्षांच्या सातशेतीस सकाळी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतल्या किती सकाळी तो बसला होता? त्याने एक शेंग फोडली. ती खारट आणि इतकी चवदार होती, की त्याने मुकाट्याने सगळ्या संपवल्या.

दसऱ्याच्या सकाळी साडेसहाला आबांनी पाहिले, तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जयवंत येऊन बसला होता. पेने अजून पाटावरच होती.

पहिला तास अत्यंत वाईट गेला. डास चावले, पाठ दुखली, बाहेर आपट्याच्या फांद्या घेऊन जाणाऱ्यांचे आवाज येत राहिले. सवयीने त्याच्या मनात वाक्ये जुळू लागली, ‘आणि तिच्या अंतःकरणातला आक्रोश...’ पण लिहायला हातात काही नसल्याने ती वाक्ये जागच्या जागी विरून गेली. दुसऱ्या तासाला वाक्ये येईनाशी झाली. उरली ती फक्त एक बाई. चुरगळलेले पांढरे लुगडे, हातात बॅग, दुपारच्या उन्हात घराच्या दारात उभी. जयवंत तिच्याकडे पाहत राहिला. ती काहीच करीना. आणि मग त्याच्या लक्षात आले, की ती काय करते हे त्याला माहीतच नाही. ते खरे घडले तेव्हा तो सात वर्षांचा होता, घरातच होता, पण त्याला काही आठवत नव्हते. नऊ खर्डे त्याने स्वतःच्या कल्पनेतून काढले होते. जी बाई हे सारे जगली ती रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलत होती, आणि त्याने तिला एकदाही विचारले नव्हते.

साडेनऊला तो उठला. आरती झाली, पेन परत खिशात आले. रत्नप्रभावहिनींनी वाढलेल्या दोन पुरणपोळ्या त्याने तुपात बुडवून खाल्ल्या, आबांना सोने दिले, पाया पडला आणि दुपारची एसटी धरली.

संध्याकाळी तो बार्शीला पोहोचला तेव्हा हौसाबाई खाटेवर बसून जपमाळ ओढत होती. त्याने तिच्या हातात आपट्याची पाने ठेवली. ती चाचपून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “झाली का रे?”

“नाही आई. एक विचारायचं राहिलं होतं.” तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. “ती मळ्यातली पोर तुझ्या हातावर गेली, त्या दिवशी घरी येऊन तू काय केलंस?”

म्हातारीने जपमाळ खाली ठेवली. विचारले ते चुकले की काय, असे जयवंताला वाटले.

“काय करणार?” ती म्हणाली. “हात धुतले. तू उपाशी होतास, दोन भाकरी टाकल्या. मग बॅग उघडली आणि कात्री-चिमटे उकळायला ठेवले.”

“त्याच दिवशी? का?”

“का म्हणजे? शेजारच्या वाडीतल्या बाईचे दिवस भरले होते. केव्हाही बोलावणं आलं असतं.”

“तू रडली नाहीस?”

“रडले की,” हौसाबाई म्हणाली. “पाणी उकळेपर्यंत रडले. तेवढाच वेळ होता.”

जयवंताने तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो टेबलाशी बसला. आईने सांगितले तेवढेच त्याने लिहिले, पदरचा एक शब्द घातला नाही. साडेनऊला ते दीड पान घेऊन तो तिच्याजवळ गेला आणि मोठ्याने, सावकाश वाचले. ती मान हलवत ऐकत होती.

“हां. असंच झालं होतं,” ती म्हणाली. “पुढं?”

“पुढचं उद्या सकाळी,” जयवंत म्हणाला.