बाबन धावडाचं रान

गडावर तोफा होत्या आणि खाली सडक नव्हती, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. सह्याद्रीच्या कुशीत धावडदरा नावाचं गाव आहे. तिथे बाबन धावड राहायचा. धावड म्हणजे दगडातून लोखंड काढणारे मुसलमान कारागीर. डोंगरातला लाल, जड दगड फोडायचा, कोळशाबरोबर मातीच्या भट्टीत भरायचा, भात्याने वारा घालायचा आणि तळाशी जो रसरशीत गोळा बसेल तो ठोकून ठोकून त्याचं लोखंड करायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. बाबनच्या हातचा फाळ नांगराला लावला की ढेकळं आपणहून बाजूला सरायची, असं म्हणतात.

पण लोखंडाला कोळसा लागतो आणि कोळशाला झाड लागतं. धावडदऱ्याचं रान तेव्हा एवढं दाट होतं की भरदुपारी त्यात शिरलेल्या माणसाला आपली सावली दिसत नसे. हे रान गडाचं, म्हणजे सरकारचं. लाकूड तोडायला कुणाला मनाई नव्हती.

मग लढाई जुंपली आणि गडावरून हुकूम आला, लोखंड दुप्पट पाहिजे. गावात भट्ट्या वाढल्या. 'मी नाही तोडलं तर पलीकडचा तोडणारच,' असं म्हणत जो तो कुऱ्हाड घेऊन रानात पळत सुटला. बाबनही त्यातच होता. गावातली सगळ्यांत मोठी भट्टी त्याचीच होती, आणि सगळ्यांत जास्त जांभळी आणि हिरडे त्याच्याच भट्टीत गेले.

काही वर्षांतच डोंगर बोडका झाला. पावसाबरोबर लाल माती वाहून शेतात आली. ओढा दिवाळीलाच आटू लागला. कोळसा इतक्या लांबून आणावा लागे की बैल थकून वाटेत बसत. शेवटी बाबनची भट्टी विझली.

"दगड डोंगरभर पडलाय," त्याची बायको हाजरा म्हणाली, "आणि आपल्या भट्टीत मांजर व्यालीय."

बाबन भट्टीपाशी बसून बोडक्या डोंगराकडे बघत राहिला. त्याचे हात रिकामे होते आणि त्याला त्या हातांची लाज वाटत होती.

गडावर तेव्हा रायाजीराव नावाचे किल्लेदार होते. माणूस भला. डोंगराची दशा बघून त्यांनी दवंडी पिटवली, की आजपासून रानातली काडीही कुणी उचलायची नाही. राखणीला शिपाई बसले. वाटलं होतं, आता रान वाढेल. झालं उलटंच. शिपायांना एक कोंबडी दिली की ते तोंड फिरवून बसत. शेळ्या कोवळे फुटवे खात, त्यांना कुणी हाकलत नसे. एका उन्हाळ्यात वणवा लागला, तेव्हा सगळं गाव ओसरीवर बसून बघत राहिलं. "रान सरकारचं आहे, सरकार विझवील," लोक म्हणाले.

त्या वणव्याची राख अजून गरम होती तेव्हा बाबन उठला आणि गावच्या हैबती पाटलाला घेऊन गड चढून गेला.

"सरकार," तो म्हणाला, "रान आम्हाला द्या."

"गावाला?"

"गावाला नको. गावाला दिलं की ते पुन्हा कुणाचंच नाही. घराघराला द्या. माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकेक पट्टी. ज्याची त्याची, आणि त्याच्या मागं त्याच्या पोराबाळांची."

"आणि विकून खाल्लंत तर?"

"एखादा खाईल, सरकार. खाणारच नाही असं मी कसं म्हणू? पण आज तर सगळेच खातायत."

रायाजीराव हसले. मग त्यांनी बाबनकडे नीट पाहिलं. "तुला तर मूल नाही, बाबन. तू तुझी पट्टी कुणासाठी राखशील?"

हा प्रश्न बाबनला लागला. हाजराची तीन बाळंतपणं झाली होती आणि तिन्ही लेकरं देवाघरी गेली होती. तो म्हणाला, "पाटलांच्या घरी परवा नात झालीय. चंद्रा नाव ठेवलंय. तिच्यासाठी राखीन."

बाबनच्या मनात असं काही आहे, हे हैबती पाटलाला ठाऊकच नव्हतं. तो पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. रायाजीरावांनी कारकुनाला बोलावलं. दरसाल ठरलेलं लोखंड गडाला द्यायचं, बाकी रानाचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं, असं ठरलं. त्यांनी शिपाई काढून घेतले.

गावात आल्यावर बाबनने पहिलं काम केलं ते म्हणजे आपली मोठी भट्टी स्वतःच्या हाताने पाडली. तिच्या जागी कमरेएवढी लहान भट्टी बांधली. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "इतके दिवस भट्टी मागेल तेवढं रान देत होतो. आता रान देईल तेवढीच भट्टी."

मग तो पट्टीत राबू लागला. एका कोपऱ्यातली उरलीसुरली झाडं तोडायची, खुंट गुडघ्याएवढे ठेवायचे, आणि त्यांचे फुटवे मांडीएवढे जाड होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. ओघळींत दगड रचून त्याने माती अडवली. त्या वर्षांत नवराबायकोने नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढले. बाबन ज्या खुंटावर हात ठेवी त्याला दुसऱ्या दिवशी पालवी फुटे, असं म्हणतात. हाजरा मात्र सांगायची, "हात कसला! मी शेळ्या बांधून ठेवल्या, म्हणून फुटली."

सगळं सुरळीत झालं असं नाही. शिदू नावाच्या एकाने आपली पट्टी मुळापासून तोडली, लाकूड विकलं आणि तो देशावर निघून गेला. ती पट्टी उघडी पडली आणि तिथली माती शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरली. तेव्हापासून शेजारी शेजाऱ्याच्या पट्टीकडेही लक्ष ठेवू लागले. वणवा लागला की आता सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावे, कारण आग कुणाच्या तरी घरच्या झाडांना लागलेली असे. हळूहळू रान परत आलं. ओढा होळीपर्यंत वाहू लागला.

बाबन म्हातारा झाला. गडावर नवा किल्लेदार आला. पुन्हा लढाईची हूल उठली, आणि त्याने जुना ठराव मोडून शिपायांची फौज खाली धाडली. सगळं रान तोडा, कोळसा करा, तोफांचे गोळे घडवा, असा हुकूम होता. शिपायांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. त्या धावडदऱ्याच्याच लोखंडाच्या होत्या, कारण गडावर दुसरं लोखंड नव्हतंच.

फौज रानाशी आली तेव्हा प्रत्येक पट्टीच्या तोंडाशी त्या त्या घरची माणसं उभी होती. बायका होत्या, म्हातारे होते. बाबन आपल्या पट्टीत एका हिरड्याला टेकून बसला होता आणि शेजारी पाटलाची चंद्रा उभी होती. जमादाराने खूण केली. शिपायाने पहिला घाव घातला, आणि कुऱ्हाडीची धार मेणासारखी वळली. दुसऱ्याने घातला, त्याचीही वळली. ज्या डोंगरातून लोखंड निघालं त्या डोंगराला ते कापेना, असं म्हणतात.

काही जुनी माणसं वेगळं सांगतात. धार वगैरे काही वळली नाही. शिपाई आसपासच्याच गावांतले होते, समोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या देखत त्यांचा हात उचलेना. खरं काय ते डोंगराला ठाऊक. पण बाबन जे बोलला ते सगळे सारखंच सांगतात.

"जमादार, ठरलेलं लोखंड गडाला पोचेल. तसूभर कमी नाही. आज सगळं नेलंत, तर पुढच्या साली गडाच्या दाराला खिळासुद्धा मिळायचा नाही. वर जाऊन एवढंच सांगा."

जमादार वर गेला. हुकूम पुन्हा आला नाही.

बाबन गेला तेव्हा त्याला त्याच्याच पट्टीत दफन केलं. मूठमाती पडली तेव्हा वारा थांबला, आणि मग भाता दाबल्यासारखा एकदाच जोरात सुटला, असं म्हणतात. पट्टी चंद्राची झाली. पुढे लोक त्याला बाबनपीर म्हणू लागले.

आता धावडदऱ्यात भट्टी नाही. घरोघरी गॅस आहे. तरी विकायच्या लाकडासाठी माघ महिन्यात तोडीला हात घालण्याआधी प्रत्येक घरचा माणूस बाबनपीराच्या कबरीपाशी येतो आणि तीन नावं घेतो. एक आपलं, एक ज्याच्याकडून पट्टी आली त्याचं, आणि एक ज्याच्याकडे ती जाणार आहे त्याचं. मूल नसेल तर शेजारच्याचं नाव चालतं. पण ज्याला तिसरं नाव घेता येत नाही, त्याने त्या वर्षी कुऱ्हाड उचलायची नाही.

मध्यंतरी माथ्यावर पवनचक्क्या उभ्या करायला एका कंपनीची माणसं आली. गावाने नाही म्हटलं नाही आणि लगेच हो पण म्हटलं नाही. घराघरात बोलणी झाली, दोन पावसाळे गेले, आणि जिथे गवताशिवाय काही उगवत नाही तेवढा कातळाचा सडा द्यायचं ठरलं. खणायच्या दिवशी लोकांनी कंपनीच्या साहेबाला आधी कबरीपाशी नेलं. साहेबाने आपलं नाव घेतलं. ज्यांनी जागा दिली त्या घरांची नावं घेतली. मग तो अडला. सगळे उभे राहिले, कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने त्याने आपल्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं नाव घेतलं, आणि मग पहिली कुदळ पडली.